मार मोजायला वसईला

वसईला कसं जायचं, किल्ला कधी पाहावा, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कुठे चांगली मिळतात, असं विचारणारे निरोप या ब्लॉगवर येत असतात. सुकेळ्यांचं सांगू शकेन, किल्ल्याचं मात्र नाही. मी वसईत पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकात, दिवाळीच्या सुट्टीत. तिथे आठवडाभर मी दारोदार फिरून बायकांना विचारत होते, घरात तुम्हाला मारतात का?

तेव्हा मी नाशिकच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. सुना जळाल्याच्या बातम्या पेपरात सारख्या येत. स्टाफरूममध्ये एकदा त्यावरून बोलणं निघालं आणि एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ही दोन-चार घरांतली प्रकरणं, पेपरवाले मोठी करतात. दोन-चार कशावरून, असं मी विचारलं. आकडा त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडेही नव्हता. पोलिसांच्या दफ्तरात मेलेल्या बायका होत्या, दवाखान्यात पाय घसरून पडलेल्या. घरात धडधाकट उभी राहून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. मुंबईतल्या काही मैत्रिणी वसईच्या गावांमध्ये अशी एक छोटी पाहणी करायचं ठरवत होत्या. प्रश्न तयार करायला आणि फिरायला माणूस हवं होतं. मी होकार कळवला. अशोक, माझा नवरा, म्हणाला, जाऊन ये. लेकीला सासूबाईंजवळ ठेवलं आणि निघाले.

नाशिकहून सकाळची एस.टी. पकडली. कसारा घाट उतरल्यावर शहापूरला चहा आणि गरम भजी, भिवंडीनंतर खड्डे, आणि मग खाडीचा खारट वास. वसई स्टेशनला मला घ्यायला फिलोमिना आली होती. पापडीची, प्राथमिक शाळेत शिक्षिका, माझ्याहून थोडी मोठी. सगळे तिला फिलूताई म्हणत. आम्ही टांग्याने पापडीला गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये विहिरी, आणि रस्त्यावर इतकी सावली की नाशिकच्या माणसाला थंडी वाजावी. तिच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. जेवता जेवता फिलूताई म्हणाली, इथली माणसं प्रेमळ आहेत, चहा सगळीकडे मिळेल, उत्तरं मिळतील की नाही ते बघू.

तिचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याहून एस.टी.ने गास या गावी गेलो. घराघरांत चहा झाला, शहाळी झाली. प्रश्न विचारला की सगळ्यांचं एकच उत्तर, आमच्याकडे तसलं काही नाही. सासू शेजारी बसलेली, दीर ओट्यावर, आणि सून पदर दातात धरून मान हलवणार. एकीच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. ती विहिरीवर घसरली होती म्हणे. संध्याकाळी परतताना मी पार खचले होते. कागदावर गास हे जगातलं सर्वात सुखी गाव ठरत होतं.

त्यातही एका आजीबाईंचं बोलणं डोक्यात घोळत होतं. त्या हसत म्हणाल्या होत्या, "मारीत नाय गो. रागात दोन ठेवून देतो, बस." पापडीच्या अंगणात बसून मी आणि फिलूताईने त्यावर पुष्कळ वाद घातला. 'मारहाण' हा शब्दच चुकत होता. त्यांच्या लेखी मारहाण म्हणजे डोकं फुटणं. मग आम्ही तो शब्द काढून टाकला आणि साधं विचारायचं ठरवलं. कधी थप्पड मारली का? ढकललं का? केस धरून ओढलं का? काठी, पट्टा, जळतं लाकूड? शेवटचा प्रश्न लिहिताना दोघी अडलो. फिलूताईचं लग्न झालेलं नव्हतं, रविवारी ती चर्चमध्ये मुलांना शिकवायची. तिने मान खाली घालून पेन्सिल हातात घेतली आणि वाक्य तीच बोलली, "तुमची इच्छा नसताना नवऱ्यानं बळजबरी केली का?" मग म्हणाली, हे मी विचारू शकेन, फक्त लोकांसमोर नाही.

लोकांना बाजूला कसं काढायचं, हाच खरा प्रश्न होता. तोडगा असा निघाला की दोघींनी घरात वेगवेगळं बसायचं. एकीने पुढच्या ओट्यावर सासूला केळी, फुलं, पूर्वीच्या बागा यांवर बोलतं करायचं. दुसरीने मागे सुनेजवळ जायचं. त्या दिवसापासून उत्तरं बदलली. बायका भाजी चिरताना सांगत, कपडे पिळताना सांगत. वसईतल्या ख्रिस्ती घरांत सांगत आणि हिंदू घरांतही. काही जणी सांगून झाल्यावर विचारत, बाकीच्यांकडेही असंच आहे का?

पुढच्या दिवशी वटार. नालासोपाऱ्याहून तीच एस.टी. पुढे जाते, गाड्या कमी, म्हणून परतीची वेळ आधी विचारून ठेवलेली बरी. वटारला एका बागायतदाराच्या घरी सुलभा भेटली (या घरातली नावं मी बदलली आहेत). लग्नाला थोडी वर्षं झालेली, एक लहान मुलगी. सासू काशीबाई ओट्यावर केळी सोलत होत्या, फिलूताई त्यांच्याजवळ बसली. मी मागे बागेत गेले. सुलभा जास्वंदीच्या कळ्या खुडत होती, पहाटे दादरच्या बाजारात पाठवायच्या होत्या. मीही खुडायला लागले. पहिल्या प्रश्नांना तिने हळू आवाजात उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला तिचे हात थांबले. मग तिने मान डोलावली आणि पुन्हा कळ्या खुडायला घेतल्या.

तेवढ्यात तिचा नवरा वसंत सायकल घेऊन बागेत आला. काय चाललंय, म्हणाला. सुलभाने सांगितलं, तब्येतीचं विचारतायत. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, हिने काय सांगितलं? मी म्हटलं, एका बाईचं बोलणं मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. तो ओरडला नाही. आमच्या चपलांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, पुन्हा या घरात यायचं नाही.

त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. माझ्या प्रश्नामुळे तिला मार बसला तर? मी शिकलेल्या पुस्तकांत नमुना कसा निवडावा, चूक कशी मोजावी, हे सगळं होतं. विचारल्यामुळे बाईवर काय ओढवेल, याचं पानही नव्हतं. परत गेलो तर तिचं आणखी वाईट व्हायचं, नाही गेलो तर तिने काहीतरी सांगितलं याची त्याला खात्री पटायची. शेवटी फिलूताई म्हणाली, आपण त्या आळीत प्रत्येक घरात जाऊ. एकही घर सोडायचं नाही. म्हणजे ती एकटी पडणार नाही. मला ते पटलं. भीती होतीच, पण आता ठरलं होतं.

सकाळी आळीच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक घरी मोठ्याने तब्येतीचे प्रश्न, मग मागच्या दारी उरलेले. वसंतच्या घरापाशी पोहोचलो तर तो ओट्यावर उभा, हात दाराच्या चौकटीला लावून. आम्ही अंगणातच थांबलो. आतून काशीबाई आल्या. त्यांनी मुलाचा हात बाजूला केला आणि ओट्यावर बसल्या.

"बाय, काल सुनेला विचारलंस," त्या मला म्हणाल्या. "मला का नाय विचारीत? मी काय जन्मले तीच सासू?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मुलगा उभा होता, म्हणून मी विचारलं, आत जाऊया का? त्या म्हणाल्या, नको, इथेच विचार. मी विचारत गेले आणि त्या प्रत्येकाला हो म्हणत गेल्या. त्यांचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. थप्पड, हो. काठी, हो. वसंत पोटात असताना विहिरीजवळ ढकललेलं, हो. शेवटचा प्रश्न मी मुलासमोर विचारू शकले नाही. त्यांनीच ओळखलं. "तेही," त्या म्हणाल्या. "तेही लिही. आणि पुढे लिही, आता हा करतो. काल रात्री केलं. भिंत काय ती मध्ये, मला ऐकू येतं."

वसंतच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो ओटा उतरला, सायकल घेतली आणि बागेच्या मागच्या वाटेने निघून गेला. सुलभा दारात आली होती. तिच्या गालावर वळ होता. तिने मला सरळ विचारलं, हे मोजून माझं काय होणार? मी तिला खोटा धीर दिला नाही. लगेच काही होणार नाही, म्हटलं. पण असं फक्त तुझ्याच घरी होतं, असं पुढे कुणाला म्हणता येणार नाही. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. मग फिलूताई पुढे झाली. पापडीला माझं घर कुणालाही विचार, म्हणाली, कधीही ये, मुलीला घेऊन ये. काशीबाई ऐकत होत्या.

उरलेले दिवस आम्ही हट्टाने पुरे केले. बसथांब्यावर गावातल्या काही पुरुषांनी अडवून विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून घरं फोडता? फिलूताईने त्यांना त्यांच्या घरगुती बोलीत काहीतरी सुनावलं. मला निम्मंच कळलं, पण ते बाजूला झाले. निघताना तिच्या आईने केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधलेली सुकेळी दिली. तुम्ही कधी गेलात तर अशीच घ्या, प्लॅस्टिकमधली नको.

सुलभाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. होळीच्या सुमारास ती मुलीला घेऊन पापडीला आली. एस.टी.त तिला काशीबाईंनीच बसवून दिलं होतं. ती परत गेली नाही. फिलूताईच्या ओळखीने फुलांचा धंदा सुरू केला, पुढे स्वतःची खोली घेतली. काशीबाई रविवारी नातीला भेटायला येत, बागेतली जास्वंद घेऊन. वसंत एकदा आला, दारातूनच परत गेला. आमच्या पाहणीचे आकडे मुंबईत एका सभेत मांडले. कुणी म्हणालं, एका तालुक्यावरून काय ठरतं. त्यानंतर आम्ही बाकीचे तालुके करायला घेतले, आणि पुढच्या कितीतरी सुट्ट्या त्यात गेल्या.

पण त्या पहिल्या खेपेचं सांगायचं राहिलं. नाशिकला पोहोचले तेव्हा अशोक जागा होता. मी कुणाचं नाव न घेता त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लहानपणी बाबांचा आवाज चढला की मी माडीवर जाऊन बसायचो. आईला आजवर कुणी विचारलेलं नाही. मलाही जमलं नाही. तू विचारशील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लेकीला घेऊन गोदेवर गेला. सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि जुडी सोडत म्हटलं, वसईला मी बायकांना काही विचारत होते, तुम्हालाही विचारू का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मेथीचं ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले.

"विचार," त्या म्हणाल्या. "आधी ते दार लोटून घे."