मार्तेलिस बास आणि मातीचे चार ढीग

खाणीवरची पोरं मार्तेलिस बासांना पाठीमागे ‘ढिगारे बास’ म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या रत्नपुराकडे रत्नांची खाण म्हणजे भातशेतात खणलेला चौकोनी खड्डा. भिंती बसू नयेत म्हणून रबराच्या नि पोफळीच्या लाकडांच्या चौकटी एकीखाली एक बसवायच्या, मागे नेच्याची पानं ठासायची. हे काम करणारा तो बास. बास “उतरा” म्हणाला की उतरायचं. “थांबा” म्हणाला तर परवान्याच्या मालकानंही काठावर बसून पान चघळायचं.

ढिगाऱ्यांचं नाव पडलं ते त्यांच्या एका हट्टामुळे. वर येणारी माती ते एकत्र टाकू द्यायचे नाहीत. वरचा काळा गाळ एकीकडे, चिकण माती दुसरीकडे, वाळू तिसरीकडे, आणि रत्नांसाठी धुऊन उरलेले गोटे चौथीकडे. काळ्या मातीवर झावळ्या झाकायच्या, बुजवताना ती पुन्हा सगळ्यांत वर यायला हवी म्हणून. कुणी कंटाळून भलत्या ढिगावर पाटी रिकामी केली तर तीच पाटी पुन्हा भरायला लावायचे.

“बास, माती ती माती. परत खड्ड्यातच जायची ना?” असं एकदा विजेपाल म्हणाला. टोळीत तोच सगळ्यांत तरुण आणि तोंडानं पुढे.

“मग उद्या लग्नाला चड्डी डोक्यात घालून जा,” बास म्हणाले. “कापड ते कापड.”

या हट्टाचं मूळ आमच्या गावच्या वाटेवरच आहे. बास चोवीस वर्षांचे असताना त्यांच्या टोळीला किरिहामी नावाच्या माणसाच्या शेतात मोठा निळा खडा मिळाला. टोळी नाचत बाजारात गेली, आठ दिवस शेताकडे कुणी फिरकलं नाही, आणि तेवढ्यात पाऊस लागला. उघडा खड्डा चारी बाजूंनी ढासळत गेला आणि निम्म्या शेताचं तळं झालं. खड्यातला किरिहामीचा वाटा दोन वर्षांत संपला. शेत काही परत आलं नाही. तो डोंगरावर चहाच्या मळ्यात मजुरीला गेला, तो तिकडचाच झाला. त्या तळ्यात आता कमळं येतात, बाहेरगावची माणसं थांबून फोटो काढतात. बास तिथून जाताना छत्री त्या बाजूला धरतात, ऊन असो नसो.

माझे सासरे गेल्यावर आमचं ओढ्याकाठचं शेत सासूबाईंच्या, म्हणजे सीलावती अम्मांच्या नावावर आलं. खाणीला त्या कितीतरी वर्षं नाहीच म्हणत होत्या. अखेर मान हलवली ती धाकट्या मुलीचं लग्न खर्चापायी अडलं म्हणून, आणि मार्तेलिस बासांनी शब्द दिला म्हणून. “एप्रिलमधल्या नव्या वर्षाच्या आत खड्डा बुजवून देतो, अम्मा. तुमची पेरणी चुकणार नाही.” बुजवण्यासाठी सरकारकडे अनामत ठेवावी लागते खरी, पण अनामतीवर पाणी सोडून पसार होणाऱ्या टोळ्या सासूबाईंनी पाहिल्या होत्या. त्यांना बासांचा शब्द हवा होता.

जानेवारीत खणायला सुरुवात झाली. सहा जण, मजुरी नाही; खायचं-प्यायचं मिळणार आणि रत्न लागलं तर वाटा. बाईमाणसानं खाणीजवळ जायचं नाही, रत्न खोल पळतं म्हणतात. त्यामुळे मी जे पाहिलं ते स्वयंपाकघराच्या पायरीवरून, नारळ खवता खवता. पायरीवरून बरंच दिसतं. पाट्या वर येताना दिसत, पंपाचा पाइप हलताना दिसे, आणि संध्याकाळी माणसं कशी चालतात त्यावरून काही लागलं की नाही तेही कळे. मार्च सरत आला तरी सगळे खाली मान घालूनच चालत होते. दोन बारीक खडे मिळाले होते, ते तांदळात नि डिझेलमध्ये गेले.

मग बास म्हणाले, पुरे, आता बुजवायचं. बुजवण्यासाठी तळाची चौकट काढायला ते स्वतः उतरले. ओढ्याकडच्या बाजूचं लाकूड निघालं, नेचा गळून पडला आणि मागे भिंतीत गोट्यांचा थर दिसला. पिवळट, जड, आम्ही ज्याला इल्लम म्हणतो तो. रत्नं असतात ती यातच. बासांनी एक पाटी भरून वर पाठवली. ती धुतली तर वाटाण्याएवढा स्वच्छ निळा खडा निघाला.

त्या दिवशी माणसं चालत आली नाहीत, पळत आली. पाठोपाठ बास आले, सावकाश, पाय धुऊन. आमच्या ओसरीवरच सगळं बोलणं झालं.

“तीन महिने चटणी-भात खाल्ला, अम्मा,” विजेपाल म्हणाला. “आता ताट समोर आलंय, तर बास म्हणतात हात धुऊन उठा.”

“ताट शेजाऱ्याच्या घरातलं आहे,” बास म्हणाले. “थर ओढ्याच्या बांधाखाली जातो. बांधाखाली बोगदा काढला की मे महिन्यात बांध बसलाच. मग खालच्या पाच घरांत पाणी कुठवर न्यायचं ते ओढा ठरवील.”

“लाकूड भक्कम लावा. एवढे उस्ताद तुम्ही.”

“लाकूड माती धरतं, मल्ली. पाणी धरत नाही.” धाकट्या भावाला म्हणतात तसं ते त्याला मल्ली म्हणत, रागावले तरी.

“दुसरा बास आणू.”

“आण. जमीन अम्मांची आहे, त्यांना विचार.”

विजेपालनं बासांकडे बघितलं. “मग ती पाटी वर पाठवलीच कशाला? मुकाट्यानं बुजवायचं. आम्हाला पत्ताही लागला नसता.”

“तुझा वाटा आहे त्यात, म्हणून पाठवली. बांध तुझा नाही, म्हणून खणणार नाही.”

सासूबाई इतका वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. त्या थांबल्या. “बास, किती असेल त्यात?”

“बरंच असावं, अम्मा.”

“नसेलही?”

“नसेलही. पण मला वाटतं, आहे.”

ते खोटं बोलले असते तर सासूबाईंचं काम सोपं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. धाकटी दाराआड उभी होती. सासूबाई म्हणाल्या, “पोरीचं अडलंय, तुम्हाला ठाऊक आहे.”

“आहे.”

त्या उठल्या, चपला घातल्या आणि एकट्याच बांधावर गेल्या. मी पायरीवरून पाहत होते. बांधाच्या टोकाला जाऊन त्या खालच्या शेतांकडे बघत उभ्या राहिल्या. तिथं खालच्या घरातली नंदावती भांडी घासत होती. तिनं हाक मारली, सासूबाईंनी हात केला. परत आल्या तेव्हा चहा निवला होता.

“बुजवा,” त्या म्हणाल्या. “धाकटीला मी समजावीन.”

विजेपाल उठला. त्याच्या मागोमाग तिघं गेले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. विजेपालची बायको दिवसांत होती आणि घरावर पत्र्याऐवजी प्लास्टिक होतं.

आता उरले बास आणि म्हातारा सुवारिस. नवं वर्ष दहा दिवसांवर, रोज दुपारी डोंगरामागे ढग. दोन माणसं दिवसाला किती पाट्या टाकणार? माझा नवरा म्हणाला, खालच्या पाच घरांची सावड बोलावू. आम्ही पेरणीला, कापणीला एकमेकांकडे जातोच. पण खाण बुजवायला सावड कुणी केलेली नव्हती, आणि त्या दिवसांत घरातले बाप्ये पहाटेच रबराच्या मळ्यात जात. घरी होत्या त्या बायका.

बायका आल्या तर चालेल का, असं सासूबाईंनी बासांना सरळ विचारलं. बासांनी बराच वेळ पान चघळलं.

“तीन चौकटी राहिल्यात,” ते म्हणाले. “परवा शेवटची निघेल. लाकूड निघालं की ती खाण नव्हे, खड्डा. खड्ड्याला बायकांचं वावडं असल्याचं मी ऐकलं नाही.”

“रत्न खोल जाईल, बास,” सुवारिस कुरकुरला.

“जाऊ दे की. आपल्याला दुसरं काय हवंय?”

तिसऱ्या दिवशी आम्ही आठ बायका पाट्या घेऊन उतरलो. तीन महिने पायरीवरून पाहिलेली जागा पायाखाली आली तेव्हा कळलं, माणसं केवढ्या भोकात रोज उतरत होती. गोटे आणि वाळू खाली गेली होती. आता चिकण माती. बास काठावर काठी घेऊन उभे. मी एकदा घाईत काळ्या ढिगातून पाटी भरली.

“कॉलेजात माती शिकवत नाहीत वाटतं,” ते म्हणाले.

नंदावती हसत सुटली. मी पाटी परत नेली.

काळी माती टाकायला घेतली त्या दिवशी विजेपाल आला. त्याच्या वाटणीची लाकडं न्यायला. बांधून झाली तरी जाईना. बुजलेल्या जागेकडे बघत उभा राहिला.

“तिथंच आहे ना ते अजून?”

“कुठं जातंय,” बास म्हणाले.

“डोक्यातून जात नाही.”

“माझ्याही.”

मग त्यानं विचारलं, “भात निघाल्यावर वरच्या तुकड्यात खणणार?”

“अम्मांनी दिलं तर. बांधापासून तीस पावलं सोडून.”

“मला सांगा.”

“चार ढीग करावे लागतील.”

“करतो की,” विजेपाल म्हणाला, आणि लाकडं खांद्यावर घेऊन गेला.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी शेत सपाट झालं. पेरणी वेळेवर झाली. पहिल्या मोठ्या पावसात ती जागा वीतभर खचली, खचणारच होती. बास भिजत आले आणि झावळ्यांखाली राखून ठेवलेली उरलेली काळी माती पसरून गेले. मे महिन्यात ओढा फुगला, बांध राहिला. त्या एका खड्यातला आमचा वाटा पुरला नाही, धाकटीचं लग्न पुढच्या वर्षावर गेलं. ती महिनाभर आमच्याशी धड बोलली नाही, बासांशी तर नाहीच.

कापणीच्या वेळी त्या चौकोनातलं भात बाकीच्या शेताहून खुजं निघालं. सासूबाईंनी मुद्दाम बासांना बोलावून एक लोंबी आतली आणि एक बाहेरची हातात दिली.

“चार बोटं कमी आहे, बास.”

बासांनी दोन्ही लोंब्या शेजारी धरून पाहिल्या. वाद घातला नाही.

“चिकण माती नीट बसली नाही अजून,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी दोन बोटं कमी येईल.”