एकशे बारा किलोमीटरांची गैरहजेरी

ट्रकांच्या आवारात चहाचा पहिला घोट घशाखाली जायच्या आत बातमी सगळ्यांच्या कानात गेली होती: मौनीने म्हणे बायकोला भर रस्त्यात ट्रकमधून उतरवलं आणि निघून गेला. दुपारपर्यंत बातमीला भांडण फुटलं. संध्याकाळपर्यंत त्या भांडणात एक थप्पड आली. तिसऱ्या दिवशी तर कुठल्याशा दुसऱ्या बाईचाही पत्ता लागला, आणि तिच्या कानातली सोन्याची होती की खोटी यावर दोन मेकॅनिक एकमेकांशी बोलेनासे झाले.

मौनी म्हणजे तो ड्रायव्हर, जो वर्षाला मोजून चारशे शब्द बोलतो. आणि बायको म्हणजे आवारातल्या सगळ्यांची वहिनी. बोलण्याचा त्याचा उरलेला कोटाही तीच वापरते.

वहिनीने चौदा वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. एकोणचाळिसाव्या वर्षी तिने जाहीर केलं, "बसूनच पाठ मोडायची असेल तर निदान खिडकीतून काहीतरी दिसू दे." आणि जड वाहनाचं लायसन्स काढलं. पहिल्या झटक्यात. मौनीला त्यासाठी तीन खेपा लागल्या होत्या, ही गोष्ट तिने कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे फक्त आवारातल्या लोकांनाच सांगितली आहे.

नऊ महिन्यांपासून नवरा-बायको जोडीने ट्रक चालवतात. जोडीचं काम असं, की एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने सीटमागच्या बर्थवर पडदा ओढून झोपायचं. गाडी थांबते ती डिझेलला आणि ड्रायव्हर बदलायला. एकट्या ड्रायव्हरच्या दीडपट दर, पण तो दोघांत मिळून. तोही चाक फिरेल तेवढाच. गोदामाच्या दारात चार-चार तास रांगेत उभं राहिलं तर त्या बदल्यात जांभया.

हे सगळं वहिनीने पदर खोचून सोसलं. तिचं दुखणं वेगळं होतं. दोघांचा पगार मौनीच्या नावावर निघायचा. कंपनीत कायम ड्रायव्हर व्हायला स्वतःच्या नावाच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतात, आणि वहिनीच्या नावाची एकही नव्हती. कागदोपत्री ती एक प्रवासी होती, जी दिवसाला सहाशे किलोमीटर ट्रक चालवायची. दर महिन्याला ती मॅनेजरसमोर उभी राहायची आणि मॅनेजर दर महिन्याला तेच म्हणायचा, "वहिनी, घर एक, चूल एक. कागद दोन कशाला?"

तर त्या दिवशी गाडीत थंड डब्यातली औषधं होती, दुपारी चारच्या आत पोचवायची. सकाळी दहाला मौनीने पंपावर गाडी लावली आणि पैसे द्यायला गेला. वहिनी तोंड धुवायला उतरली. पाणी बर्फासारखं गार होतं, तेव्हा जरा वेळ लागला. ओल्या तोंडाने बाहेर येऊन बघते, तर गाडी नाही.

सोळा चाकांची गाडी कुठे मागेबिगे लपत नाही, तरी तिने पंपाला एक फेरी मारून पाहिली. पायात रबरी चपला, हातात टॉवेल, मोबाइल बर्थवर. डिझेल भरून निघण्याच्या बेतात असलेल्या टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. याला आवारात भोंगा म्हणतात, आवाजामुळेही आणि बातम्यांमुळेही.

"वहिनी, तुम्ही इथे? मग मौनी कुणाला घेऊन गेला?"

"उशीला. सरका तिकडे, गाडी काढा."

टँकर वहिनीला घेऊन निघाला. वहिनीने भोंग्याचा फोन घेऊन अकरा वेळा लावला. कोण उचलणार? जोडीदार झोपलेला असला की मौनी फोनचा आवाज बंद करतो, रेडिओ बंद करतो, ब्रेकसुद्धा लोणी कापल्यासारखा हळुवार लावतो. त्या दिवशी तो एका उशीच्या झोपेला जपत चालला होता.

"सोडचिठ्ठी द्यायची ही नवी तऱ्हा दिसते," भोंगा म्हणाला.

"ती दिली असती तर आधी गाडीची किल्ली मागून घेतली असती मी. दाबा जरा."

दाबणार काय? ट्रकलाही ताशी ऐंशीची मर्यादा, टँकरलाही. पुढचा पुढेच, मागचा मागेच. वहिनीचा जीव टांगणीला लागला होता, पण नवऱ्यासाठी नव्हे. मौनीचे नियमाने चालवायचे नऊ तास साडेअकराच्या सुमाराला संपत होते. पुढचे चार तास तिचे. ती नसली तर गाडी इंचभर हलणार नाही, औषधं चारला पोचणार नाहीत, आणि मॅनेजरला आयतं कोलीत मिळेल: बायका गाडीवर घेतल्या की हे असं होतं. मग स्लिप विसरा.

अदलाबदलीच्या थांब्यावर ट्रक दिसला तेव्हा ती टँकर पुरता थांबायच्या आत दार उघडून पायरीवर आली होती. मौनी गाडीपाशी उभा होता, काखेत उशी, चेहरा पिठासारखा पांढरा.

"अगं," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

"किती वाजले?"

"अकरा चाळीस."

"मग बघत काय बसलात? झोपा जाऊन."

पुढचे चार तास वहिनीने अशी गाडी हाणली, की नियम एक मोडला नाही आणि मिनिट एक सोडलं नाही. एके ठिकाणी रस्त्याचं काम, एके ठिकाणी उलटलेली जीप. मागे मौनीला झोप कसली येते? दर दहा मिनिटांनी पडदा बाजूला व्हायचा.

"अहो, इथेच आहे मी. नाहीतर गाडी कोण चालवतंय?"

पडदा बंद व्हायचा. दहा मिनिटांनी पुन्हा उघडायचा.

तीन बावन्नला गाडी गोदामाच्या फाटकात शिरली.

महिनाअखेर मॅनेजरने दोघांना बोलावलं. भोंग्याने आपलं काम चोख केलेलं असल्यामुळे मॅनेजरला सगळं ठाऊक होतं. "एकशे बारा किलोमीटर गाडीत एकच ड्रायव्हर होता," तो म्हणाला. "तेवढ्याचा जोडीचा दर मिळणार नाही. सही करा."

मौनीने मुकाट्याने पेन उचललं. वहिनीने ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं.

"साहेब, गैरहजर कोण होतं?"

"तुम्ही."

"मग माझ्या पगारातून कापा."

"तेच तर करतोय."

"ही स्लिप यांची आहे. हे तर हजर होते, डोळे टक्क उघडे ठेवून. माझी स्लिप दाखवा, मी आत्ता सही करते."

मॅनेजरने स्लिप उलटीपालटी करून पाहिली. पगाराचा कारकून टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधू लागला, ते पडलेलं नव्हतंच.

"जो माणूस कागदावर नाही तो गैरहजर कसा पडेल?" वहिनी म्हणाली. "कापायचं असेल तर आधी हजर करा. नाहीतर एकशे बारा किलोमीटरांचे पुरते पैसे द्या. दोन्हींतलं काहीही चालेल मला."

आता गंमत अशी, की मॅनेजरला कागद दोन करणं परवडलं असतं, पण हातात आलेले एकशे बारा किलोमीटर सोडणं त्याच्या जिवावर आलं. कंजूष माणसाचा हा एक फार मोठा उपयोग असतो. "करा हिच्या नावाने," तो कारकुनावर खेकसला.

"तारीख?" कारकुनाने विचारलं, टेबलाखालूनच.

"कामाला लागले ती," वहिनी म्हणाली. "कामावर असल्याशिवाय गैरहजर कसं राहता येईल? नऊ महिने झाले. हवं तर गाडीतली नोंद काढून बघा."

नऊ स्लिपा निघाल्या. वहिनीने शेवटची आवारात उभ्या उभ्या तीनदा वाचली, आपल्या नावापासून खालच्या शिक्क्यापर्यंत. कागद मौनीने धरला होता आणि ती ओळीओळीवरून बोट फिरवत होती. भोंग्याने मान लांब करून आकडा पाहिला.

"वहिनी, कापलेत की पैसे."

"कापलेत," ती म्हणाली, "पण माझे कापलेत."

बायको कायम ड्रायव्हर होणार म्हणून मौनीने त्या दिवशी सगळ्या आवाराला चहा पाजला आणि सबंध एक वाक्य बोलला. काय बोलला यावर अजून एकमत नाही.

राहता राहिली ती कुजबुज. मौनीने बायकोला उतरवलं नव्हतं. भांडण झालं नव्हतं, थप्पड नव्हती, दुसरी बाई नव्हती. ती एका दाराने तोंड धुवायला उतरली, तो दुसऱ्या दाराने चढला, बर्थचा पडदा ओढलेला होता, आणि त्याला वाटलं ती आत झोपली आहे.