काशीमावशींच्या विहिरीतला हिरवा दगड

विहिरीतला दगड-माती वर ओढणाऱ्या यारीच्या पाळण्यात गुडघे पोटाशी धरून आम्ही दोघी विहिरीत उतरत होतो. वरून काशीमावशी ओरडल्या, "खाली बघू नका गं पोरींनो!" मी खालीच बघत होते.

बरोबर त्यांची भाची शैला. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. पाण्याच्या वर एका कपारीशी पाळणा थांबला. काळ्या बसाल्टमध्ये मुठीएवढी पोकळी, आतून हिरवा मुलामा, त्यावर स्टिल्बाइटचे गुलाबी-पांढरे स्फटिक. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्याने जागा केली, पाण्यातल्या खनिजांनी ती सावकाश भरली. मी बोट लावलं. गार, गुळगुळीत.

हा हिरवा रंगच मावशींना भोवला होता. 'युरेनियम निघालं,' असं त्यांचे दीर नामदेवराव गावभर सांगत होते. नव्या विहिरीचं पहिलं पाणी भावकीने प्यायचं, मग खीर खायची, अशी इथली रीत. पूजा उद्या सकाळी, आणि येणार कोणीच नव्हतं. पाणी तपासून आलं होतं, चांगलं निघालं होतं. पण कागदावर कोणाचा विश्वास नव्हता.

यायचं असेल तर धाराशिवहून भूमला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट. पुढे जीप. शेवटचा रस्ता खडीचा. स्टँडसमोरची भजी गरम असतील तरच घ्या.

शैलाने किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र दगडाला लावलं. टक. बराच वेळ काही नाही. टक.

वर येऊन तिने जमलेल्यांना सांगितलं, "युरेनियम ज्वालामुखीच्या खडकातही सापडतं, पण बहुतेक फिकट रंगाच्या. आपला काळा दगड त्या बाबतीत गरीब."

"यंत्र बिघडलं असंल," नामदेवराव म्हणाले.

"मग तुमच्या घरी लावून बघू."

त्यांच्या स्वयंपाकघरात नवा ग्रॅनाइटचा ओटा होता, गावातला पहिला. यंत्र टेकवलं. टकटकटक.

सगळे ओट्यापासून मागे सरले. मग त्यांची बायको म्हणाली, "म्या म्हणत हुते, कडप्पाच घाला!"

मावशी पदरात तोंड घालून हसू लागल्या.

"ग्रॅनाइटमध्ये एवढं असतंच," शैला म्हणाली. "भाकरी बिनघोर थापा."

"म्हंजी माझ्या वट्यापरीस वहिनीची हीर बरी?" नामदेवरावांनी विचारलं.

"व्हय भाऊजी. उद्या तांब्या घेऊन या."

संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच परतले. मावशींनी दिलेला विहिरीतला दगड घरी खिडकीत ठेवला. अंधारात चमकत नाही; दिवा लावला की तो हिरवा दिसतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाचा फोन आला. पहिला तांब्या नामदेवराव प्यायले होते. खीर कमी पडली.