कोष्टीण मावशीचा कुंचा

माझे केस आता मूठभरही उरलेले नाहीत, पण एके काळी अमरावतीत आमच्या गल्लीतल्या बायका माझ्या डोक्यापुढं हात जोडत होत्या. खोटं वाटत असेल तर वाटू दे. माझी सून हे लिहून घेते आहे आणि गालातल्या गालात हसते आहे. मी बोलते तसं न लिहिता ती पुस्तकी करून लिहिते, तेही मला ठाऊक आहे. लिहू दे बापडी. तेव्हाच्या माणसांच्या तोंडचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेव, असं मी तिला बजावलं आहे.

तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. भातकुलीच्या वाटेवर आमचं काळं रान होतं. त्या वर्षी बाबा अर्धा कापूस गाड्यांत भरून अकोल्याला घेऊन गेले आणि उरलेला, भाव आणखी चढेल म्हणून, घरातच ठेवला. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग लागला. माणसांनी कुठं बसावं याची कुणाला फिकीर नव्हती.

बाबा दोनेक महिन्यांसाठी गेले आणि मला हिवतापानं गाठलं. थंडीनं दात वाजायला लागले की माय मला उचलून त्या ढिगात निजवायची आणि वरूनही कापूस लोटायची. घोंगडीपेक्षा ते ऊबदार. टाळू तापली की तेल थापायची. महिनाभर मी त्या कापसात डोकं घाशीत तळमळत होते. ताप उतरला तेव्हा मानेमागं हातभर केसांचं एक घट्ट, काळंमिट्ट वेटोळं झालेलं होतं. त्यात बोटही शिरेना.

त्याच आठवड्यात देवीच्या नावानं परडी घेऊन जोगवा मागणारी आराधीण दारी आली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर जट होती. तिनं माझी मान वळवून पाहिली आणि डोळे मिटले.

"जट आली पोरीले. देवीनं हात ठेवला. आता फनी लावाची नाही, कैची लावाची नाही. घरधनी आले का माहूरले न्या अन् देवीच्या पदरात घाला."

म्हणजे मी देवीची होणार, हातात परडी घेऊन दारोदार फिरणार, पुन्हा ह्या घरची राहणार नाही. मायनं मान डोलावली. तिला वाटलं, देवीनं पोर जगवली ती याचसाठी.

मला मात्र आधी फारच मजा वाटली, हे कबूल केलं पाहिजे. बायका गूळ-खोबरं आणून देत. चुलत भाऊ पेरू खात होता, त्याला मी म्हटलं, "दे इकडं, नाही तं श्राप देईन." दिला मुकाट्यानं. मी इतकी फुगले होते की आमच्या ठेंगण्या दारातून आत जाताना वाकत नसे आणि दोनदा चौकटीला कपाळ आपटून घेतलं.

मग एके सकाळी माय माझ्यापुढं वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला.

त्या दिवसापासून माझं अंथरूण वेगळं झालं. माझं उष्टं ती प्रसादासारखं खाई, पण मला जवळ घेईना. मी मुद्दाम दुधाचं भांडं लवंडलं. एरवी पाठ सुजली असती. मायनं नुसतं पुसून घेतलं आणि हात जोडले.

समोरच्या घरात कोष्टीण मावशी राहायची. सगळा कापूस बाहेर चालला, सूत मिळेनासं झालं, म्हणून तिचा माग बंद पडला होता. तिच्या ओट्यावर बसून मी रडत होते.

"काहून रडून राहिली वं देवी?" तिनं विचारलं.

"माय मले मारत नाही."

मावशी हसली. इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. मग तिनं मला जवळ ओढलं, वेटोळं हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं, वास घेतला, आणि तिचं हसू थांबलं. मला हाताला धरून ती तडक आमच्या घरी आली.

"बाई, माया जनम सूत सोडवन्यात गेला," ती मायला म्हणाली. "हे मले गुंता वाटते. देवीची जट असन तं माया हातानं सुटनार नाही, तुमी बेफिकीर राहा. सुटली, तं समजून घ्या."

माय घाबरली. "अन् एक केस तुटला तं? देवी पोरीले नेईन."

"एक जरी तुटला तं तिथंच हात थांबवतो."

मायनं देवापुढं दिवा लावला आणि मग होय म्हणाली. बाबा आठ-पंधरा दिवसांत यायचे होते. ते आले की माहूर ठरलेलं होतं.

रोज दुपारी मावशी मला तिच्या ओट्यावर पुढ्यात घ्यायची. जवस उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी आधी केसांना चोळायची आणि मुरू द्यायची. मग डाव्या मुठीत केस वरच्या अंगाला घट्ट धरायची, म्हणजे खाली कितीही काम चालो, टाळूला ओढ लागत नसे. सुरुवात नेहमी टोकाकडून. साळिंदराच्या काट्यानं एकेक वळसा सैल करायचा, मोकळं झालं तेवढंच शिंगाच्या रुंद दातांच्या फणीनं विंचरायचं आणि मग वर सरकायचं. एका दुपारी बोटभर काम व्हायचं. मी चुळबुळ केली की ती म्हणायची, "घाई नको करू. ताना असाच सोडवा लागते, नाही तं सारं लुगडं वाया." मोकळ्या केसांवरून शेवटी ती कुंचा फिरवायची. मागावरच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावताना फिरवायचा, बारीक मुळांचा तो मऊ कुंचा मागाबरोबर कोरडा पडून होता. मानेवरून तो गेला की मला झोप यायची. इतका हळू हात मी नंतर कुणाचाच पाहिला नाही, माझा स्वतःचाही नाही.

माय समोर बसून डोळे फाडून पाहत असे. चौथ्या दिवशी फणीत एक लांब केस आला. माय किंचाळून उठली.

"थांबा!" मावशीनं केस उजेडात धरला. "हे टोक पाहा. पांढरं मूळ हाये. तुटला नाही, गळला. तापात गळला अन् आतच अडकून राहिला."

मायनं तो केस किती तरी वेळ पाहिला. मग खाली बसली, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

नवव्या दिवशी मानेजवळचा बोराएवढा गोळा तेवढा उरला. मावशीनं काटा मायच्या हातात दिला.

"हे तुमी सोडवा, बाई."

"मले भ्या वाटते."

"म्हनूनच."

मायनं काटा हळूच गोळ्यात घातला. कितीतरी दिवसांनी तिची बोटं माझ्या मानेला लागली होती. एक वळसा सुटला, दुसरा सुटला. आणि तेलानं काळ्या पडलेल्या कापसाचा एक बोळा तिच्या मांडीवर पडला. तिनं तो चिमटीत फोडला. आत सरकी होती. आमच्याच रानातली, भाव चढेल म्हणून ठेवलेल्या ढिगातली.

ती सरकी तळहातावर घेऊन माय ढसाढसा रडली. मग उठली आणि माहूरच्या देवीसाठी आणून ठेवलेल्या खणा-नारळानं तिनं कोष्टीण मावशीची ओटी भरली. वर टोपलंभर कापूसही दिला. देवीनंच तुले धाडली, असं ती पुढं जन्मभर म्हणत राहिली. बाबा परत आल्यावर खचलेल्या ढिगाकडं पाहून म्हणाले, "उंदरं फार झाले वाटते."

पण खरं सांगायचं ते गुंता सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. मायनं मला दंडाला धरून पुढ्यात बसवलं, आमची जुनी लाकडी फणी घेतली आणि नेहमीसारखी वरून खाली खसकन ओढली. मी ओरडले. तिनं पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "डोस्कं सरळ धर!"

धपाटा चांगलाच लागला होता. मी ओरडतच राहिले, म्हणजे आणखी एक बसेल.