'मेक इट'चे दोन अर्थ

आमच्या गावी, मेडशीला, घराच्या ओसरीवर मी सातवी-आठवीच्या मुलींची इंग्रजीची शिकवणी घेते. त्या आठवड्यात 'मेक' हे क्रियापद चाललं होतं. मेक म्हणजे बनवणे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो पुढे. चहा मेक करतात हे पटतं, पण इंग्रजीत चूकही मेक करतात, गोंगाटही आणि मैत्रीही. 'मेक द बेड' म्हणजे सुतारकाम नाही, अंथरूण नीट करणं, हे ऐकून मुली लोटपोट हसल्या. शेवटी मी फळ्यावर 'मेक इट' लिहिलं. पहिला अर्थ, वेळेवर पोहोचणं. दुसरा, जिवावरच्या प्रसंगातून वाचणं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा उत्तरेकडे, डोंगरातल्या एका बोगद्याच्या कामावर मशीन चालवायचा. पोळ्याला तो घरी येणार होता. मी 'मेक इट' शिकवलं त्याच दिवशी पहाटे साइटची जीप सुट्टीवर जाणाऱ्यांना खाली स्टेशनवर सोडणार होती. मुली गेल्यावर मी मोबाइल पाहिला, तर त्याच रस्त्यावर दरड कोसळल्याची बातमी. एक जीप मलब्याखाली गेली होती. भावाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

एकदा त्यानं त्याच्या इंजिनियरच्या नंबरवरून मला फोन केला होता, तो नंबर माझ्याकडे होता. माणूस दक्षिणेकडचा, हिंदी फारसं न येणारा. मी इंग्रजीतच विचारलं, माझा भाऊ त्या जीपमध्ये होता का? दहा-बारा मिनिटांनी उत्तर आलं. 'ही डिड नॉट मेक इट. बिझी इन रेस्क्यू. विल कॉल.'

सकाळी मीच फळ्यावर लिहिलेला दुसरा अर्थ तेवढा डोळ्यांपुढे उभा राहिला: तो वाचला नाही. पहिला आठवलाच नाही असं नाही. आठवला, पण माणसं मातीखालून काढत असताना कुणी वेळेवर पोहोचण्याबद्दल कशाला लिहील? 'इज ही अलाइव्ह?' एवढंच विचारायचं होतं. मी ते लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. विचारलं नाही तोवर तो जिवंत होता.

माय अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिला बातमीचा पत्ता नव्हता.

"फोन लागला का त्याचा?"

"रेंज नाही, माय."

"मंग तू काहून सारखी फोन पाहून राह्यली?"

ती उठून आली, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तिला अक्षरं वाचता येत नाहीत. "काय लिवलं? मले वाचून दाखव." मी जीपचं सांगितलं. मग ते वाक्य वाचलं. माय रोज ओसरीच्या कडेला बसून माझी शिकवणी ऐकते.

"मेक म्हंजे बनवनं ना? काय नाही बनवलं त्यानं?"

मला तिला अर्थ सांगता येईना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "विचार त्याले," ती म्हणाली. "आत्ता विचार. मी बसली हावो इथं."

मी पाठवलं. माय माझा दंड धरून बसली होती. तिची नखं रुतली तरी मी हात सोडवला नाही. बकरी मुगात तोंड घालून खात होती, तिला कुणी हाकललं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग फोन वाजला, इंजिनियरचा नंबर.

"ताई, मी हावो." भावाचाच आवाज, पण ओळखू न येण्यासारखा.

त्याला हेल्मेट आणि बूट स्टोअरमध्ये जमा करायचे होते. स्टोअरवाला उशिरा आला, जीप निघून गेली. तो जीपपर्यंत पोहोचला नव्हता, इंजिनियरला एवढंच म्हणायचं होतं. भाऊ तेव्हापासून फावडं घेऊन मलबा उपसत होता. जीपमध्ये त्याच्या जागेवर झारखंडचा त्याचा खोलीतला सोबती बसला होता.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. तो एसटीतून उतरतानाच मायनं त्याचे हात, खांदे, मान चाचपून पाहिली. तो जेवला आणि फोन समोर ठेवून बसला. संध्याकाळी साइटवरून फोन आला, सोबती सापडला होता. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजायला लागला. भाऊ नुसता स्क्रीनकडे पाहत होता.

"त्याची बहीण हाये. दोन दिवसापासून मलेच लावून राह्यली. माह्याच्यानं नाही होत. तू बोल, ताई."

पलीकडून तिनं हिंदीत विचारलं, "भैया मिला क्या?"

तिला माझ्यासारखं अर्थ शोधत बसावं लागू नये, एवढंच माझ्या मनात आलं. मी माझं नातं सांगितलं, घरात कोण कोण आहे ते विचारलं, तिला खाली बसायला सांगितलं. मग सरळ शब्दांत सांगितलं की तो मेला आहे. ती किंचाळली नाही. तिनं फोन ठेवलाही नाही. मीही ठेवला नाही.