अर्धवट उघडलेली चावी

बंदराजवळच्या दुकानात पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरणाऱ्या बाईला सगळे टाकीमावशी म्हणत. आधी हे काम नवऱ्याचं. तो गेल्यावर काँप्रेसरची घरघर तिच्या वाट्याला आली. स्वभाव मूळचाच धास्तावलेला. घराला कुलूप लावून निघाली की कोपऱ्यावरून परत यायची, कुलूप ओढून बघायची. या धंद्यात मात्र तो स्वभाव कामी आला. कुणी टाकी व्हॉल्व्हला धरून फरफटवली की ती कळवळायची. "मान धरून पोराला ओढतोस का रे असं?"

व्हॉल्व्हची चावी उघडायची तर पुरती, बंद करायची तर पुरती, आणि आवळताना अंगातला जोर दाखवायचा नाही, हा तिचा हेका.

तिची सून पाहुण्यांना समुद्रात खाली घेऊन जायची. त्या सकाळी मावशी सुनेची टाकी तयार करत होती. चावी जराशी फिरवली आणि फोन वाजला. बोलणं संपेस्तोवर सून टाकी उचलून बोटीत बसलीसुद्धा.

फडताळ पुसताना मावशीचा हात थांबला. चावी पुढे फिरवली होती का? काही केल्या आठवेना. जेमतेम उघडी चावी वर असताना फसवते; श्वास येतो, दाबाचा काटा टाकी भरलेली दाखवतो. खोल गेल्यावर हवा पुरत नाही. सून बघेलच की, असं तिने मनाला समजावलं. मन ऐकेना. ती वायरलेसकडे धावली.

"मावशी, ती उडी मारायला बसलीये," बोटवाला म्हणाला.

"थांबव तिला. काट्याकडे बघत चार श्वास घे म्हणावं."

पलीकडे नुसती खरखर. मग सुनेचा आवाज आला. "आई, दर श्वासाला काटा खाली पडतोय. चावी उघडलेलीच नाही धड."

"आधी पुरती उघड, मग उतर," मावशी म्हणाली.

दुपारी सून परतली. रागावली नाही, पण म्हणाली, "आई, उद्यापासून माझी टाकी मीच लावणार."

"माझ्यावर भरवसा नाही राहिला?"

"जास्तच होता. तुमच्या हातची टाकी म्हणून आज मी बघितलंच नाही."

सुनेचं बरोबर होतं, तरी मावशीला लागलंच. "लाव बाई," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सून समोर बसून जेवत होती, तरी ती पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत राहिली.