मोटारीच्या खोलीतलं पातेलं

माझ्या थोरल्या जावेला तिच्या मुलाने फसवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना रोज अंड्याचा पांढरा भाग द्या. त्याने आईला सांगितलं, डॉक्टरांनी अंडं बंद केलंय. हे झालं एकदा. दुसऱ्यांदा फसवलं ते दहाव्याला, रामकुंडावर. मी फुलांचा धंदा करणारी बाई आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण हे गोड नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्केटमध्ये झेंडूच्या भावावरून एकाशी भांडत होते. फोन तिच्या मुलाचा, दिनेशचा. ‘काकू, आई...’ एवढंच म्हणाला. मी हातातला झेंडू तिथेच टाकला आणि चालू लागले. त्या माणसाने मागून हाक मारून माझाच भाव कबूल केला. मी वळलेसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा जिंकलेला सौदा सोडून आले, आणि दिनेशच्या घरी जाऊन पाहते तर ताई, जावेला मी ताईच म्हणायचे, अंथरुणात इतकी लहान दिसत होती की चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं.

मी लग्न होऊन आले ती मखमलाबादच्या अंगाला असलेल्या मळ्यात. सासरे माळकरी. घरात मांस-मच्छीचं नाव नाही, अंड्याचंही नाही. पहिल्या वेळी दिवस गेले आणि मी मेथीच्या वाफ्यातच चक्कर येऊन पडले. दुसऱ्या दिवशी ताईने मला विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत नेलं. आत तीन विटा मांडलेल्या, वर जर्मनचं छोटं पातेलं, आणि मेथीच्या जुडीत लपवून आणलेली पलीकडच्या वस्तीवरची गावठी अंडी.

‘नाक धर नि खा,’ ती म्हणाली.

‘ताई, पाप लागंल.’

‘कुणाचं? ती कोंबडी बघ तिकडं उकिरडा उकरतीय. मेली का ती? रेडकाला दाव्याला बांधून आपण म्हशीचं दूध काढतो, तवा कुठं जातं तुझं पाप?’

‘पण त्यात जीव असतो म्हणतात.’

‘त्या वस्तीवर कोंबडाच नाय, सुमे. जीव काय आभाळातून पडंल? खा मुकाट्यानं, नायतर तुझ्या पोटातला जीव जाईल.’

मी खाल्लं. ती अंडं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने हलकेच गोल फिरवायची, आणि टरफल अंगरखा उतरवावा तसं एकसंध निघायचं. मला ते कधीच जमलं नाही. टरफलं ती चुरून खोलीमागच्या गुलाबाच्या बुडाशी घालायची. मळ्यात सगळ्यात टपोरी फुलं त्या झाडाला यायची आणि सासरे रोज सकाळी तीच खुडून देवाला वाहायचे. ‘काय रंग आहे!’ म्हणायचे. ताई पदर डोक्यावर ओढून खाली मान घालायची आणि पदराआडून माझ्याकडे बघायची... हसू आवरताना माझे हाल व्हायचे. मळ्यातली फुलं बाहेर नेऊन विकायची अक्कलही तिनेच मला दिली. पहिली पाटी डोक्यावर ठेवताना म्हणाली होती, ‘पहिल्यांदा जो भाव सांगशील त्याची लाज वाटू देऊ नको.’ आज पंचवटीत माझं स्वतःचं दुकान आहे, लग्नाचे मांडव आम्ही सजवतो. ते त्या वाक्यावर उभं आहे.

दिनेश लहानपणी टायफॉईडने पार वाळला होता. त्यालाही तिने त्याच पातेल्यातलं खाऊ घालून उभा केला. पोराला सगळं माहीत होतं. आजोबा समोर असले की तो लांबून ओरडायचा, ‘आई, मोटार चालू करायची का?’ म्हणजे अंडं हवं. ताई म्हणायची, ‘लाईट आली की करू.’ सासरे बिचारे पंपाची काळजी करत बसायचे.

हा दिनेश पुढे चांगला निघाला. खोटं कशाला सांगू? नोकरी, बंगला, आईला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं सांभाळायचा. सत्संगाला जाऊ लागला, तेही चांगलंच. वडील गेल्यावर त्याने आईला कधी एकटं पडू दिलं नाही. तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तिला उचलून गाडीत बसवायचा, नाशिक रोडला डायलिसिसला न्यायचा, परत आल्यावर तिचे पाय चेपायचा. ज्या बाईने आयुष्यभर भाजीपाला पिकवला तिच्यावर काय वेळ आली बघा... केळं बंद, टोमॅटो बंद, नारळपाणी बंद, पालेभाजी उकळून पाणी टाकून द्यायची. एक दिवस, मी समोर बसलेली असताना, तिने हसून विचारलं, ‘दिनेश, मोटार चालू करतो का रे?’

तो एकदम गोरामोरा झाला. म्हणाला, ‘आई, डॉक्टरांनी तेपण बंद केलंय.’

ती ‘बरं’ म्हणाली. इतकं बंद होतं, त्यात आणखी एक. मलाही शंका आली नाही.

मग एकदा त्याला ऑफिसातून निघता येईना, म्हणून तिला घेऊन मी गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चिडल्या. ‘मावशी, अंगात प्रोटीन काहीच उरलेलं नाही. अंडी खात नाही का तुम्ही? पिवळं नको, पण पांढरं रोज खा. मुलाला तीनदा सांगितलंय मी. तो म्हणतो, आईच नाही म्हणते.’

मी ताईकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. रिक्षात मी फटाक्यासारखी फुटले. आज त्याला सोडत नाही, म्हणाले. तिने माझं मनगट धरलं. त्या हातात पकड अशी उरलीच नव्हती, तरी मला सोडवता आलं नाही.

‘मी हाय तोवर त्याला एक शब्द बोलायचा नाय. शपथ हाय तुला. पोटच्या पोराला खोटं पाडलं, तर माझ्यापाशी ऱ्हायलं काय?’

‘मग मी आणते ना डब्यातून. डायलिसिसच्या खुर्चीवर खा. कुणाला कळत नाही.’

‘नको. चोरून लय खाल्लं, सुमे. मोटारीच्या खोलीत जन्म गेला. आता माझ्या घरात, माझ्या ओट्यावर उकडलेलं, त्यानं हातानं दिलं तर खाईन. नायतर ऱ्हाऊ दे.’

मी डबा नेला तरीही. तिने झाकण उघडलं नाही. पुन्हा नेला. तिने तो शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला देऊन टाकला.

मग मी दिनेशशी सौदा करायला बसले. मला सगळं कळलंय हे न सांगता, नुसतं आजकाल डॉक्टर अंडं खायला सांगतात म्हणून. भावात मला मार्केटमध्ये कुणी हरवलेलं नाही. म्हटलं, वेगळा गॅस मी आणते. वेगळं भांडं. पिवळं नको, नुसतं पांढरं. जीव न धरलेलं, कोंबडा न बघितलेल्या कोंबडीचं. तुम्ही सगळे देवळात गेल्यावर मी येऊन करते, ओटा धुऊन जाते. एकेक पायरी खाली आले, तो तसूभर हलला नाही. शेवटी रडायला लागला. ‘काकू, मी देवापुढे शब्द दिलाय. आई बरी होईपर्यंत घरात काही अशुद्ध येणार नाही. अंडं आलं तर आई जाईल.’

‘अरे, ते न आल्यानं जाईल ती! तू स्वतः त्याच्यावर उभा राहिलास.’

‘तेच तर,’ तो म्हणाला. ‘मला चोरून खाऊ घातलं, त्याचंच ती फेडतेय.’

माझा हात उठला होता. शपथ आठवली आणि मी तो हात स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. गिऱ्हाइकाला नको असेल तर त्याला समजावता येतं. घाबरलेल्याला कसं समजावायचं, ते मला आजही माहीत नाही.

अंड्याने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईही तसं म्हणाल्या नाहीत. पण ती उपाशी नसती गेली.

दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडला. कावळे भरपूर होते, शेजारच्या पिंडांवर झडप घालत होते. आमच्याकडे एकही येईना. ‘मनातलं काही राहिलं असेल तर बोला,’ गुरुजी म्हणाले. दिनेश हात जोडून बोलू लागला. आई, मळा विकणार नाही. आई, विहीर बुजवणार नाही. आई, बहिणीचं माहेर तुटू देणार नाही... कावळे कठड्यावर बसून ऐकत होते. मी पुढे झाले.

‘दिनेश, म्हण, घरात अंडं शिजेल.’

‘काकू, इथं नको.’

‘इथंच. डॉक्टरांनी बंद केलं नव्हतं, मी खोटं बोललो, असं म्हण. बघ मग येतो का नाही.’

भावकीतलं कुणीतरी म्हणालं, ‘ओ वहिनी, बायामाणसानं मध्ये बोलू नये.’ दिनेशचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, हलले. पण आवाज फुटला नाही. गुरुजी म्हणाले, ऊन चढलं, मागे नंबर लागलेत. त्यांनी दर्भाला गाठ मारून कावळा केला, दिनेशने तो पिंडाला टेकवला, आणि सगळे आंघोळीला उतरले.

मी दुसऱ्या दिवशी एकटी गेले. एक अंडं उकडून नेलं होतं. कठड्यावर ठेवलं आणि कावळा लगेच आला, घेऊनही गेला. पण कावळा अंडं खातोच, कुणीही ठेवलेलं. मला स्वतःला असं फसवता येत नाही. बाजार उठल्यावर भाव सांगून काही होत नसतं.

परवा मळ्यात जाऊन मोटारीची खोली उघडली. विटा तशाच आहेत. पातेलं खिळ्याला आहे, बूड काळंकुट्ट. गुलाबाला कुणी पाणी घातलेलं नाही. मी चूल पेटवून अंडं उकडलं आणि तळहातावर गोल फिरवायला गेले. टरफल तुकडे तुकडे होऊन निघालं, अंड्याचे लचके त्यालाच चिकटून आले. ते हातात धरून मी तिथेच बसून राहिले, मोटारीला टेकून...

दिनेश, ती असेपर्यंत गप्प राहायचं होतं, राहिले. आता ती नाही. पातेलं मी घासून तुझ्या दारात ठेवलं आहे. आत आणायचं की नाही ते तू ठरव. पण तिचा फोटो लावलाय ना हॉलमध्ये, त्याच्यापुढे उभा राहा आणि सांग, तिने जन्मात एकदाच स्वतःच्या घरात मागून खायचं म्हटलं, तेव्हा तू काय म्हणालास आणि का म्हणालास. मोठ्याने सांग. रामकुंडावर ओठ हलले होते तुझे, मी पाहिलंय.